घोडी तीन सूत पुढे

कृष्णाकाठच्या एका गावात सतारी घडवणाऱ्यांची एक गल्ली होती. अकरा दुकाने होती. छपराला भोपळे टांगलेले असत, ओट्यांवर तुणाच्या लाकडाचा लाल भुसा सांडलेला असे, आणि दिवसभर कुठे ना कुठे कोणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत बसलेले असे.

त्या गल्लीचे दोन नियम होते. कारागिराने आपले नाव वाद्याच्या आत लिहायचे, हा पहिला. भोपळा बंद करण्याआधी नावाची चिठ्ठी आतून चिकटवायची. ती पुन्हा कोणाच्या नजरेस पडत नसे. ‘नाव आत, नाद बाहेर’ असे तिथले म्हणणे होते. दुसरा नियम कडक होता. तयार झालेले प्रत्येक वाद्य शुक्रवारी दुपारी, नमाज झाल्यावर, सगळ्या कारागिरांसमोर वाजवायचे. त्यात दोष निघाला तर गल्लीतला सर्वांत जाणता कारागीर उठायचा आणि पकडीने त्या वाद्याची तार कापायचा. तार कापलेले वाद्य दुरुस्त झाल्याशिवाय गल्लीबाहेर जात नसे.

ती पक्कड बावीस वर्षे नबीलालच्या दुकानात, खिळ्याला टांगलेली होती.

नबीलालचा कान असा होता, की चालत्या बैलगाडीचे कोणते चाक ढिले आहे ते तो घरात बसून सांगे. त्याने कोणाची भीड ठेवली नाही. चार वर्षांपूर्वी त्याने शेजारच्या दस्तगीरच्या तंबोऱ्याची तार कापली होती. दोष केसाएवढा होता, पण होता. तंबोरा उचलून दस्तगीर घरी गेला आणि त्या दिवसापासून त्याने वाद्य घडवणे सोडले. तो फक्त शिसवी खुंट्या कातू लागला. इतरांच्या वाद्यांना लागणाऱ्या खुंट्या. नबीलालला त्याचे वाईट वाटले नाही. सुराशी खेळ नाही, असे तो म्हणे, आणि म्हणताना पकडीकडे पाही.

एके दिवशी त्याच्या ओट्यावर एक तरुणी आली. तिचे नाव एस्तेर साळवे. गावच्या दवाखान्यात ती परिचारिका होती आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायची. तिने पाठीवरचे पोते खाली उतरवले. त्यातून वस्तू निघू लागल्या. एका मोडक्या विजेच्या गिटारची बारीक दांडी. तारांचा आवाज टिपणारी दोन चुंबके, ज्यांना वाजवणारे पिकअप म्हणतात. सहा चाव्या. दोन खांबांवर उभी राहणारी लोखंडी घोडी, जिच्यावरून तारा जातात. दोन वर्षे शहरातल्या जुन्या बाजारात फिरून तिने एकेक भाग जमवला होता.

“चाचा, याला धड नाही,” ती म्हणाली. “धड तुम्ही करा. आणि हे सगळं जोडून द्या.”

“विकत का घेत नाहीस तयार?”

एस्तेरने डावा हात पुढे केला. लहानपणी गुऱ्हाळाच्या चरकात सापडून तिची करंगळी अर्धी गेली होती. “तयार गिटारची दांडी जाड असते. माझं बोट पोचत नाही. ही बारीक आहे. हिच्यावर पोचतं.”

नबीलालने दांडी हातात घेतली. सतारीचे पडदे धाग्याने बांधलेले असतात. सूर चुकला तर ते सरकवता येतात. या दांडीचे पडदे लाकडात कायमचे रुतवलेले होते. त्याने नखाने एक पडदा ढकलून पाहिला. तो हलला नाही.

“मुकं जनावर आहे हे,” तो हसून म्हणाला.

“शहरात अडीच-तीन महिन्यांत निवड आहे, चाचा. मोठ्या वाद्यवृंदात एक जागा आहे. माझं वय त्यांच्या अटीत बसतं ते याच वर्षी.” मग तिने एक कागद काढला. “आणि हे माप. ज्यानं दांडी विकली त्यानं लिहून दिलंय. दांडीच्या वरच्या टोकाच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच पुढं घोडीपर्यंत ठेवायचं. एक सूतही इकडंतिकडं नको, म्हणाला.”

“भंगारवाला मला माप शिकवणार?” नबीलाल म्हणाला. “अगं, घोडी कुठं बसायची ते लाकूड सांगतं. आपण फक्त ऐकायचं.”

त्याने कागद घेतला आणि सरसाच्या डबीखाली सारला.

धड त्याने मन लावून केले, हे मान्य केलेच पाहिजे. दहा वर्षे सुकलेली तुणाची फळी काढली. हाताने तासली. कडा अशा गोल केल्या, की मांडीवर ठेवल्यावर वाद्य आपणहून टेकावे. विजेच्या तारांची जोडणी गल्लीच्या तोंडावरच्या रेडिओवाल्याने करून दिली. दांडी धडाला बसवण्याआधी नबीलालने खाचेत आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली. मग घोडीची पाळी आली. त्याने बोटाच्या पेराने फळीवर ठोकत ठोकत कान लावला. एका जागी लाकूड भरल्या घागरीसारखे बोलले. तिथेच त्याने खूण केली, दोन भोके पाडली आणि घोडीचे खांब ठोकून बसवले. चाळीस वर्षे त्याने असेच केले होते. घोडी आधी, पडदे मागून. पडदे सरकवून सूर जुळवायचा. इथे पडदे सरकणार नव्हते, हे त्याला दिसत होते. पण हाताची सवय डोळ्याचे ऐकत नाही.

शुक्रवारी गल्ली जमली. गिटारचा आवाज मोठा करणारा चर्चमधला खोका आणून ठेवला होता. वाद्ये शहरात नेऊन विकणारे रावसाहेब चौगुले खुर्चीवर बसले होते. नबीलालच्या नावावर त्यांचा निम्मा धंदा चालत होता. दस्तगीर मागे भिंतीला टेकून उभा होता.

एस्तेरने मोकळ्या तारा छेडल्या. टांगलेले भोपळे थरथरले. लोकांनी माना डोलावल्या. तिचा हात दांडीवरून वर निघाला. खालचे पडदे गोड होते. पाचव्या पडद्यावर कोणाची तरी मान डोलायची थांबली. बाराव्या पडद्यावर वरचा षड्ज यायला हवा होता. तो आला, पण चढा आला. फुटक्या पाव्यासारखा कानाला लागला.

एस्तेर थांबली. तिने पुन्हा तेच बोट ठेवले. पुन्हा तेच.

सगळी गल्ली नबीलालकडे पाहू लागली. खिळ्याला पक्कड होती.

चौगुले खाकरले. “बाईंचा हात जरा जड दिसतोय. तार जास्त दाबली की सूर चढतोच की! त्यात बिचारीची ती करंगळी. वाद्यानं तरी काय करावं?”

दोघे-तिघे म्हणाले, “हं, तसंच असेल.”

मागून दस्तगीर म्हणाला, “नबीलालभाई, तुम्ही सांगा.”

नबीलालला सांगण्यासारखे सगळे माहीत होते. त्या मुलीच्या बोटाचा दाब त्याने पाहिला होता. तो पिसासारखा होता. सूर हाताने चढत नव्हता, वाद्यातूनच चढा येत होता. सरसाच्या डबीखालचा कागद त्याला त्या क्षणी आठवला. पण समोर चौगुले होते, अकरा दुकाने होती, आणि ज्याची तार आपण केसाएवढ्या दोषासाठी कापली तो भिंतीला टेकून उभा होता.

“हात हलका करायला हवा, बेटी,” नबीलाल म्हणाला.

पाच शब्द. पक्कड खिळ्यालाच राहिली.

खोटे बोलणाऱ्याला फार बोलावे लागत नाही. त्याचे नाव मोठे असले, आणि समोरच्याच्या अंगात लोकांना दिसेल असे एखादे व्यंग असले, की पुरते. पुढचे काम लोक स्वतःच करतात.

एस्तेरने त्याचा शब्द खरा मानला. ती दवाखान्यातून आली की हात हलका करायला बसे. सहा आठवडे बसली. बोट हलके ठेवले की तार पडद्यावर नीट टेकत नसे, आणि खरखर येई. थोडे दाबले की सूर पुन्हा चढे. बोटांची टोके सोलली. तिने त्यांना पट्ट्या बांधल्या. शेजारीण म्हणे, “अगं, रोज दुसऱ्यांच्या जखमा बांधतेस, आता स्वतःच्या कशाला करून घेतेस?” एस्तेर म्हणे, “हात वळत नाही गं माझा.”

शहरातल्या निवडीला ती गेली. तीन परीक्षक होते. त्यांच्यातल्या मुख्याने चार मिनिटे ऐकले आणि हात वर करून थांबवले.

“दाबलं की चढतं, सोडलं की खरखरतं,” तो म्हणाला. “बाई, हा हात वाद्यासाठी नाही.” आणि त्याने तिच्या करंगळीकडे पाहिले. वाद्याकडे एकानेही पाहिले नाही. गुन्हेगार आधीच ठरलेला असला, की पुरावा तपासायची तसदी कोण घेतो?

आठवड्याने ती गिटार घेऊन नबीलालच्या ओट्यावर आली. चर्चमध्ये वाजवणेही तिने सोडले होते.

“चाचा, हे ठेवून घ्या. वाद्य चांगलं आहे, हातच नाही. ज्याची पाचही बोटं धड आहेत अशा कोणाला तरी द्या.” मग थोडे थांबून म्हणाली, “त्या दिवशी गल्लीसमोर तुमचं वाद्य माझ्यामुळं बदनाम झालं. माफ करा मला.”

ज्याने मागायची त्याने मागितली नाही, आणि जिच्यावर अन्याय झाला तीच माफी मागून निघून गेली. नबीलालला तिला हाक मारता आली नाही. तिच्या बोटांच्या पट्ट्यांवर लाल डाग होते, एवढेच त्याच्या डोळ्यांपुढे राहिले.

ती गेल्यावर त्याने सरसाची डबी बाजूला केली. कागद चिकटला होता. तो त्याने नखाने सोडवला. मग सतारीचे पडदे बांधायचा रेशमी धागा घेतला. वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत ताणला. तिथे चिमटीत धरला, आणि तेवढाच पुढे टाकला. धाग्याचे टोक घोडीवर यायला हवे होते. ते घोडीच्या पलीकडे जाऊन पडले. त्याने मोजपट्टीने मोजले. तीन सूत.

तीन सूत म्हणजे अर्ध्या बोटाची रुंदी. घोडी तेवढी दांडीकडे पुढे बसली होती.

दुसऱ्या दिवशी दार लोटून घेऊन तो कामाला बसला. घोडी मागे घ्यायची, जुनी भोके बुजवायची आणि वरून हाडाची नक्षीदार पाने चिकटवायची. सतारीवर तशी पाने असतातच. कोणाला संशयही येणार नाही. मग पोरीला बोलावून सांगायचे, ‘घे, जरा हात फिरवला वाद्यावरून, आता तुझ्या हाताला जमेल.’ ती खुश होईल. पाया पडेल. आणि पक्कड खिळ्यालाच राहील.

त्याने दोन पाने कोरलीसुद्धा. सुंदर कोरली.

त्याची बायको खातूनबी चहा घेऊन आली. तिने पाने पाहिली, भोके पाहिली. चाळीस वर्षे ती याच घरात सूर ऐकत होती.

“त्या शुक्रवारी मी आत भाकऱ्या थापत होते,” ती म्हणाली. “तव्याच्या आवाजात मला ऐकू आलं. तुम्हाला कसं आलं नाही? कान गेला, की जीभ गेली?”

चहावर साय धरली. नबीलालने ती दोन्ही पाने चुलीत टाकली. हाड जळाल्याचा वास घरभर सुटला.

शुक्रवारी त्याने निरोप पाठवून एस्तेरला बोलावले. ती नाइलाजाने आली आणि कडेला बसली. गल्ली जमली होती. चौगुलेही होते. नबीलालने गिटार आवाजाच्या खोक्याला जोडून स्वतःच्या मांडीवर घेतली. घोडी अजून जुन्याच जागी होती. तारेवर बोट असे ठेवले, की माशीसुद्धा दबू नये. बाराव्या पडद्यावर तार छेडली.

षड्ज चढाच आला.

“हा हात माझा आहे,” तो म्हणाला. “पाचही बोटं आहेत. रावसाहेब, जड आहे का?”

चौगुले म्हणाले, “अहो नबीलाल, कशाला जुनं उकरता? झालं ते झालं. तुमचं नाव आहे बाजारात.”

“नावाचंच सांगतोय. घोडी मी तीन सूत पुढं बसवली. हिनं माप आणून दिलं होतं, ते मी डबीखाली सारलं. चूक त्या दिवशीच माझ्या कानात शिरली होती. मी ती हिच्या हातावर ढकलली.”

तो उठला. खिळ्यावरून पक्कड काढली आणि एकेक करून सहाही तारा कापल्या. प्रत्येक तार तुटताना खोक्यातून ठण्ण आवाज आला. सहा वेळा.

मग एस्तेर उभी राहिली.

“त्याच दिवशी माहीत होतं तुम्हाला?”

“होय.”

“सहा आठवडे मी माझ्या हाताला शिव्या घातल्या, चाचा. देवासमोर बसून घातल्या.”

नबीलालने पकडीसकट हात जोडले.

“मला माफी नको,” ती म्हणाली. “शहरात ज्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, त्यांना जाऊन सांगा. माझ्यासमोर सांगा.”

“सांगतो.”

त्याने पक्कड दस्तगीरपुढे धरली. “ही आता तू सांभाळ. तुझी तार मी कापली होती. आज मी त्या लायकीचा नाही.”

दस्तगीरने पकडीला हात लावला नाही. “माझी तार तुम्ही कापली ती बरोबरच होती, नबीलालभाई. दोष होता. पण कापलेली तार पुन्हा बांधता येते, हे त्या दिवशी मला कोणी सांगितलं नाही. तुम्ही पक्कड टांगली आणि जेवायला गेलात.” मग त्याने गिटार उचलून भोके निरखली. “याला खुंट्या लागतील. खुंट्या मला येतात.”

त्याने शिसवाच्या दोन जाड खुंट्या कातून जुन्या भोकांत घट्ट ठोकल्या आणि फळीबरोबर तासल्या. नबीलालने धागा धरला, दस्तगीरने खूण केली. नवी भोके जुन्यांना किंचित चावून गेली. त्यामुळे लाल लाकडावर शिसवाच्या दोन काळ्या चंद्रकोरी उरल्या. चार वर्षांत पहिल्यांदा ते दोघे एका ओट्यावर बसून काम करत होते.

नव्या तारा लागल्यावर नबीलाल एस्तेरबरोबर शहरात गेला. मुख्य परीक्षकाने त्यांना दारातच उभे केले. नबीलालने सगळे सांगितले. काही लपवले नाही. परीक्षकाने घड्याळ पाहिले.

“वाद्य कोणी कसं केलं हे आम्ही कुठं बघत बसणार? निकाल लागलाय. जागा भरली.”

“साहेब, हिचा हात एकदा ऐका. दोन मिनिटं.”

“पुढच्या खेपेला अर्ज करा म्हणावं.”

पुढच्या खेपेला तिचे वय त्या अटीत बसणार नव्हते. हे त्यालाही माहीत होते. दार बंद झाले. चूक करणाऱ्याने चूक कबूल केली, तरी ती चूक वापरून निकाल देणारे आपला निकाल मागे घेत नाहीत. त्यांच्या दुकानात पक्कडच नसते.

परतीच्या वाटेवर नबीलाल म्हणाला, “बेटी, त्या शुक्रवारी बोललो असतो, तर...”

“तर जागा मिळाली असती,” एस्तेर म्हणाली. तिने त्याची गय केली नाही, आणि ते योग्यच केले.

पण गिटार तिने घेतली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये वाजवली. नबीलाल बाहेर कंपाउंडच्या भिंतीपाशी उभा राहिला. हात वर वर जात होता. तो पडदे मोजत होता. नववा. दहावा. अकरावा. बारावा आला आणि षड्ज असा लागला, की त्याने डोळे मिटले. हात तोच होता. करंगळी अर्धीच होती.

चौगुले एकदा तिला म्हणाले, “बाई, त्या काळ्या खुणा बऱ्या दिसत नाहीत. नबीलालकडून दोन नक्षीची पानं चिकटवून घ्या वरून.”

“राहू द्यात,” एस्तेर म्हणाली. “तुमच्या गल्लीत सगळ्या वाद्यांवर कारागिराचं नाव आत असतं. या एकावर ते बाहेर आहे.”

आणि पक्कड? ती आता कोणाच्याच दुकानात नाही. गल्लीच्या मध्यावर, सगळ्यांचा हात पोचेल अशा खांबाला ती टांगली आहे. तिच्याशेजारी, तार कापल्यावर लगेच लागेल म्हणून, नव्या तारांचे एक भेंडोळेही टांगलेले असते. ते दस्तगीरने टांगले. त्याच वर्षी त्याने पुन्हा एक तंबोरा केला.

तात्पर्य: चूक जाणत्याच्याही हातून होते, पण आपली चूक दुबळ्याच्या हातावर ढकलली, की ती चूक राहत नाही, अन्याय होतो. कबुली द्यायची तर वेळेवर द्यावी. उशिरा दिलेल्या कबुलीने वाद्य सुरात येते, गेलेली संधी परत येत नाही.